ग्रामपंचायतीचा डिजिटल खर्च : नव्या सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी नियोजनाची पद्धत

विदर्भातील बहुतेक ग्रामपंचायतींत आज संगणक आणि प्रिंटर आहे, काही ठिकाणी चौकात सीसीटीव्ही कॅमेरे आहेत, तर काही जिल्हा परिषद शाळांत डिजिटल फळाही लागला आहे. एवढे साहित्य असूनही साध्या कामासाठी कास्तकाराला मजुरी बुडवून तालुक्याच्या चकरा माराव्या लागत असतील, तर त्याचे कारण केवळ निधीच्या कमतरतेत सापडत नाही. खर्च कशासाठी, कोणत्या क्रमाने आणि किती वर्षांचा हिशेब धरून करायचा, हे आधी ठरलेले नसते. मार्चअखेर जवळ आला, निधी शिल्लक दिसला, एखादा पुरवठादार माहितीपत्रक घेऊन आला आणि ठराव झाला, अशा रीतीने घेतलेल्या वस्तू पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाहीत. जे प्रथमच निवडून आले आहेत किंवा नुकतेच रुजू झाले आहेत, त्यांना ग्रामपंचायत विकास आराखड्यातील तंत्रज्ञानाचा भाग विचारपूर्वक तयार करता यावा, यासाठी हे टप्पे मांडले आहेत.

पहिला टप्पा : लोकांच्या चकरा मोजा

नियोजनाची सुरुवात वस्तूंच्या यादीपासून करू नये. कार्यालयात एक साधी वही ठेवावी आणि एक महिना प्रत्येक येणाऱ्याची नोंद घ्यावी : कोण आले, कोणत्या कामासाठी आले, काम झाले की नाही, झाले नसेल तर का, आणि त्यांना पुढे कुठे पाठवले. आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका आणि मुख्याध्यापक यांनाही अशीच नोंद ठेवण्याची विनंती करावी. आठवडी बाजाराच्या दिवसाची नोंद विशेष काळजीने घ्यावी, कारण वाड्या-पोडांवरची माणसे त्याच दिवशी एका फेरीत सगळी कामे उरकू पाहतात.

महिन्याच्या शेवटी काम अडण्याची कारणे वेगळी करावीत. वीज नव्हती, नेट नव्हते, केंद्रचालक जागेवर नव्हता, नोंदच चुकीची होती किंवा अधिकार दुसऱ्या कार्यालयाचा होता, अशी ती साधारणतः असतात. यांपैकी फक्त पहिली दोन कारणे काही विकत घेऊन दूर होण्यासारखी आहेत. वडील वारल्यानंतर घराच्या नोंदीत वारसांची नावे लागलेली नसतील, तर नवा संगणक आणल्याने नमुना ८, म्हणजे घरांच्या करआकारणीची नोंदवही, दुरुस्त होत नाही. त्यासाठी कागद तपासून फेरनोंद घेणारा माणूस लागतो. उत्पन्नाचा दाखला देण्याचा अधिकार महसूल विभागाचा आहे, पण त्याचा अर्ज गावातील आपले सरकार सेवा केंद्रातून ऑनलाइन करता येतो. तेव्हा माणूस तालुक्याला कशासाठी गेला, केंद्र बंद होते म्हणून की त्याला कोणी सांगितलेच नव्हते म्हणून, हे वहीतून कळले पाहिजे.

मेळघाटात कोरकू, तर गडचिरोलीच्या दक्षिण भागात माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत नोंदीत भाषेचा एक रकाना जरूर वाढवावा. मराठी किंवा इंग्रजी पडद्यासमोर त्यांच्यासाठी दुभाषाचे काम कोण करते आणि त्याबद्दल पैसे घेते का, हा प्रश्न वेग किंवा उपकरणांइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरा टप्पा : गावात आधीच काय आहे ते पाहा

जडवस्तू नोंदवही हातात घेऊन प्रत्यक्ष पडताळणी करावी. वस्तू कोणत्या वर्षी, कोणत्या निधीतून आली, हमीची मुदत संपली का, सध्या चालू आहे का आणि प्रत्यक्षात कोण वापरते, एवढे प्रत्येक वस्तूपुढे लिहावे. ग्रामपंचायत कार्यालयाबरोबरच शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्रातील साहित्याचीही यादी करावी, कारण अनेकदा एकाच गावात एका ठिकाणी इन्व्हर्टर पडून असतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्याअभावी काम थांबलेले असते.

जोडणी तपासताना नेटच्या पेटीवरचा हिरवा दिवा पाहून समाधान मानू नये. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचा जो प्रकल्प पुढे भारतनेट या नावाने ओळखला गेला, त्याला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली. तार गावापर्यंत पोहोचणे आणि दुपारी तीन वाजता अर्ज अपलोड होणे, या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंधरा दिवस रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकच ठरावीक फाइल पाठवून पाहावी व लागलेला वेळ लिहावा. रस्त्याच्या खोदकामात तार तुटली असेल तर तक्रार क्रमांक आणि दुरुस्त झाल्याची तारीख नोंदवावी. दुसरी जोडणी घ्यायची की आहे तीच दुरुस्त करून घेण्यासाठी पाठपुरावा करायचा, हे या नोंदी पाहून ठरवता येते.

याच टप्प्यावर शासनाने विनामूल्य दिलेल्या प्रणालींची यादी करावी. ई-ग्रामस्वराज हे पोर्टल २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले आणि आराखडा, हिशेब व देयके यांचे काम त्यावर चालते. लेखापरीक्षणासाठी ऑडिट ऑनलाइन आहे. नागरिकांसाठी महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट हे अ‍ॅप आहे. असे असताना दोन-तीन हजार वस्तीच्या गावाने स्वतंत्र अ‍ॅप किंवा संकेतस्थळ बनवून घेणे मला तरी बहुतांश वेळा अनावश्यक वाटते. त्याचे वार्षिक शुल्क लागू राहते, त्यातील माहिती कोणी अद्ययावत करत नाही, आणि शेवटी तीच नोंद शासनाच्या पोर्टलवर पुन्हा भरावी लागते.

तिसरा टप्पा : पाच वर्षांचा खर्च काढा

या टप्प्यावर घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ग्रामपंचायतींचे बहुतेक डिजिटल प्रकल्प याच हिशेबाअभावी बंद पडलेले दिसतात. वस्तू एकदा घेतली जाते, पण तिची वीज, नेट, बॅटरी आणि दुरुस्ती दरवर्षी पैसे मागते.

समजा, गावात कॅमेऱ्यांचा संच बसवायचा आहे आणि त्याची किंमत २,४०,००० रुपये सांगितली आहे. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आपल्या गावाचे दर आपण लिहावेत. नेटसाठी दरमहा ८०० रुपये धरले तर पाच वर्षांचे ४८,००० होतात. विजेचे दरमहा ६०० धरले तर ३६,००० होतात. बॅटरी एकदा बदलावी लागेल, त्याचे १८,००० आणि रेकॉर्डिंगच्या हार्ड डिस्कचे ८,००० धरावेत. पहिले वर्ष हमीचे, त्यानंतर चार वर्षे देखभाल करार वर्षाला २४,००० दराने केला, तर ९६,००० लागतात. या सगळ्यांची बेरीज २,०६,००० होते, म्हणजे २,४०,००० चा संच पाच वर्षांत ४,४६,००० रुपयांना पडतो आणि दरवर्षी सरासरी ४१,२०० रुपये वेगळे काढावे लागतात. ठराव मांडण्यापूर्वी हा शेवटचा आकडा घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजार फीच्या प्रत्यक्ष वसुलीशेजारी लिहावा. मागणी किती आहे हा आकडा येथे उपयोगाचा नाही, वसुली किती होते हाच घ्यावा.

निधीचे स्वरूप समजून घेणे यासाठीच आवश्यक आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी १५ व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानात ६० टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होता, आणि ४० टक्के अबंधित होता. अबंधित भागातूनही वेतन आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. पुढील काळातील निधीचे प्रमाण आणि अटी चालू शासन निर्णयातूनच पाहाव्यात, मागच्या आराखड्यावरून उतरवू नयेत. मात्र अनुदानातून वस्तू घेता आली तरी ती चालवण्याचा भार बहुधा स्वनिधीवर येतो, आणि त्याच स्वनिधीतून मागासवर्गीय कल्याण, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग कल्याण यांसाठीची ठरावीक टक्केवारीही काढायची असते, हे विसरू नये. स्वनिधी अपुरा असेल तर संच लहान घ्यावा, किंवा त्या वर्षी घेऊच नये. आराखड्यात ‘पुढील वर्षी विचार करावा’ असे लिहिणे हाही एक रीतसर निर्णय आहे.

चौथा टप्पा : क्रम ठरवा

माझ्या मते आपल्या भागातील गावांसाठी क्रम असा असावा : आधी वीज आणि जागा, मग जोडणी, मग नोंदी, मग माणूस, आणि सर्वांत शेवटी नवी उपकरणे.

वीज आणि जागा याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर या भागांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. टिनाच्या छताखालील बंद खोलीत ठेवलेला संगणक आणि इन्व्हर्टरची बॅटरी अशा उन्हात लवकर खराब होतात. पाठोपाठ मृगाच्या सुमारास विजांचा कडकडाट सुरू होतो आणि अर्थिंग नसलेल्या इमारतीत एका रात्रीत राऊटर, प्रिंटर आणि मदरबोर्ड निकामी होतात. म्हणून पहिल्या वर्षीच्या तरतुदीत योग्य अर्थिंग, वाढीव दाबापासून संरक्षण देणारे उपकरण, हवा खेळती राहील अशी खोली आणि निदान चार तास काम चालेल एवढी बॅटरी असावी. या कामांचे उद्घाटन होत नाही आणि छायाचित्रही निघत नाही, म्हणूनच ती मागे पडतात. सरपंचांनी ती जाणीवपूर्वक पुढे घ्यावीत.

नोंदींचे काम दुसऱ्या वर्षी हाती घेता येते. स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणीनंतर गावठाणातील मिळकत पत्रिका आल्या असतील, तर त्या नमुना ८ शी घरोघर जुळवून पाहाव्यात. तफावत दुरुस्त झाली की करआकारणी वस्तुस्थितीला धरून होते आणि वसुलीही वाढू शकते, म्हणजे तंत्रज्ञानावरचा पुढचा खर्च पेलण्याची ताकद याच कामातून येते.

मोठ्या प्रात्यक्षिक प्रकल्पांकडेही याच दृष्टीने पाहावे. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजले, आणि २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात तेथील सुविधा चालू आहेत की नाहीत यावर राज्यभर वाद झाला. नागपूर जिल्ह्यातील सातनवरीत २०२५ मध्ये शेती, आरोग्य, शिक्षण अशा अनेक सेवांचा ‘स्मार्ट इंटेलिजंट’ गाव प्रकल्प सुरू झाला. अशा गावांना भेट अवश्य द्यावी. तेथे काय बसवले हे विचारून झाल्यावर बिल कोण भरते, बिघाड झाल्यास कोण येतो आणि किती दिवसांत येतो, हेही विचारावे. शासन आणि कंपन्यांच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या गावाची यादी जशीच्या तशी आपल्या आराखड्यात उतरवू नये.

पाचवा टप्पा : ग्रामसभा आणि आराखडा

‘सबकी योजना, सबका विकास’ हे आराखड्याचे अभियान २०१८ पासून २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. विदर्भात हे दिवस सोयाबीन काढणीचे असतात. त्यानंतर धान कापणी आणि कापूस वेचणी येते, आणि दिवाळीनंतर मेळघाटातील अनेक कुटुंबे कामासाठी बाहेरगावी जातात. म्हणून वॉर्ड सभा आणि महिला सभा सप्टेंबरातच, संध्याकाळच्या वेळी घ्याव्यात आणि वहीतील निष्कर्ष तेथे वाचून दाखवावेत. अनुसूचित क्षेत्रातील गावांत पेसा कायद्यानुसार ग्रामसभेचे अधिकार अधिक व्यापक आहेत, त्यामुळे तेथे ग्रामसभेपुढे पूर्ण झालेला आराखडा केवळ मंजुरीसाठी ठेवणे योग्य नाही.

आराखड्यात कामाचे नाव ‘संगणक साहित्य खरेदी’ असे मोघम लिहू नये. ‘आपले सरकार सेवा केंद्र आठवड्यातून सहा दिवस, वीज गेली तरी चालू ठेवण्यासाठी विद्युत व्यवस्था’ असे लिहिले, तर वर्षाच्या शेवटी काम झाले की नाही हे कोणालाही तपासता येते.

सहावा टप्पा : खरेदी

येथे थोडक्यात सांगतो. कोटेशन, निविदा आणि जेम या शासकीय खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरील खरेदीच्या मर्यादा शासन निर्णयांनुसार बदलत असतात. चालू मर्यादा पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांकडून लेखी घ्याव्यात. मर्यादेच्या आत राहण्यासाठी एका खरेदीचे तुकडे पाडू नयेत, लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप हमखास येतो. तांत्रिक तपशील पुरवठादाराकडून लिहून घेऊ नये, अन्यथा तो त्याच्याच वस्तूला बसेल असा लिहिला जातो. अटींमध्ये तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : दुरुस्तीसाठी माणूस गावात किती दिवसांत येईल, सर्व पासवर्ड आणि परवाने ग्रामपंचायतीच्या नावे असतील, आणि प्रणालीतील माहिती करार संपल्यावर उघडता येईल अशा स्वरूपात परत मिळेल. पूर्ण रक्कम वस्तू बसवून, चालवून पाहिल्याशिवाय अदा करू नये. जवळच्या चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून एकाच तंत्रज्ञाशी देखभाल करार करण्याचा विचार करावा; एका गावासाठी तालुक्याहून येण्यास टाळाटाळ करणारा माणूस पाच गावांचे काम एकत्र असल्यास ठरल्या दिवशी येण्याची शक्यता अधिक असते.

सातवा टप्पा : सहीची किल्ली, ओटीपी आणि लोकांची माहिती

नव्या सरपंचांनी हा भाग दोनदा वाचावा. ई-ग्रामस्वराजवरील देयके सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघतात. ही स्वाक्षरी पेनड्राइव्हसारख्या एका छोट्या किल्लीत असते, आणि तिला कायद्याने हाताच्या सहीइतकीच मान्यता आहे. एका कार्यालयात मी पाहिलेले दृश्य असे होते : दोन्ही किल्ल्या एकाच टेबलाच्या खणात, रबराने एकत्र बांधलेल्या, आणि दोन्हींचे पासवर्ड पेन्सिलीने खणाच्या आतल्या बाजूला लिहिलेले. तेथील कर्मचारी प्रामाणिक होता. तरीही दोन स्वतंत्र व्यक्तींनी खर्च तपासावा यासाठी केलेली व्यवस्था त्या खणात एका माणसाच्या हाती आली होती. महिला सरपंचांची किल्ली पतीकडे किंवा दिराकडे असणे, हाही याच दोषाचा दुसरा प्रकार आहे. ज्यांच्या नावाची सही आहे, त्यांनीच किल्ली जवळ बाळगावी, देयक पडद्यावर वाचावे आणि पासवर्ड स्वतः टाकावा. येत नसेल तर शिकून घ्यावे. एखाद्या दुपारी शिकता येण्यासारखे ते काम आहे.

ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, हेही तपासावे. अनेक ठिकाणी तो माजी केंद्रचालकाच्या क्रमांकावर जात असतो आणि तो गाव सोडून गेला की खाते उघडत नाही. ग्रामपंचायतीच्या नावे एक सिमकार्ड आणि एक ईमेल असावा, आणि ते जडवस्तूंप्रमाणेच नोंदवहीत लिहिलेले असावेत.

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये कायदा केला आहे. घरकुलाच्या किंवा अनुदानाच्या याद्या आधार आणि बँक खाते क्रमांकांसह गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याची सवय आजच थांबवावी. यादी जाहीर करणे आवश्यक असते, पण त्यासाठी नाव आणि क्रम पुरेसा आहे. दाखल्यासाठी दिलेल्या कागदांच्या छायाप्रती केंद्राबाहेर रद्दीत जाणार नाहीत, याचीही व्यवस्था करावी. महत्त्वाच्या नोंदींच्या दोन प्रती स्वतंत्र हार्ड डिस्कवर ठेवून त्यांपैकी एक ग्रामपंचायतीच्या इमारतीबाहेर, उदाहरणार्थ शाळेच्या कपाटात, कुलूपबंद आणि पासवर्ड लावून ठेवावी.

आठवा टप्पा : सहामाही तपासणी आणि हस्तांतरण

वर्षातून दोनदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, पहिल्या टप्प्यातील वही पुन्हा महिनाभर चालवावी. चकरा कमी झाल्या नसतील, तर घेतलेल्या वस्तूवर आणखी खर्च करण्याआधी ग्रामसभेत त्याचे कारण मांडावे. जी सेवा कोणी वापरत नाही तिचे नूतनीकरण करू नये आणि वाचलेली रक्कम बॅटरी व दुरुस्तीकडे वळवावी.

अधिकाऱ्यांची बदली किंवा सरपंचांची मुदत संपणे यांची तारीख सहसा आधी माहीत असते, तरीही नव्या डिजिटल स्वाक्षरीची नोंदणी होईपर्यंत देयके थांबतात आणि केंद्राचे नेटही तुटते. म्हणून दोन महिने आधीच हस्तांतरणाची यादी तयार ठेवावी. त्यात सर्व खाती आणि त्यांचे नोंदणीकृत मोबाइल क्रमांक, देखभाल कराराच्या मुदती, प्रलंबित तक्रारींचे क्रमांक, हार्ड डिस्क कुठे आहेत आणि त्यांची किल्ली कोणाकडे आहे, हे लिहावे. जुन्या डिजिटल स्वाक्षरीच्या किल्ल्या रद्द केल्याची नोंद घ्यावी, सर्व पासवर्ड नव्या पदाधिकाऱ्यांसमोर बदलावेत आणि यादीवर देणाऱ्यांच्या व घेणाऱ्यांच्या सह्या घेऊन तिची एक प्रत पंचायत समितीकडे पाठवावी.